साधी नवरी आणि ‘नॅचरल लूक’ची नवरी

“ताई, मला एकदम नॅचरल पाहिजे. केलंय असं वाटलं नाही पाहिजे.” सांगलीत १२ वर्षं मी नवऱ्या नटवते आणि अलीकडे दर सीझनला हे वाक्य ऐकते. वाक्य एकच, पण त्यामागे दोन निराळ्या इच्छा असतात. त्यांची गल्लत झाली की लग्नाच्या सकाळी आरशासमोर रडारड होते.

पहिली इच्छा खरोखर साधं राहण्याची. स्वच्छ धुतलेला चेहरा, मॉइश्चरायझर, काजळ, हलकी लिपस्टिक, टिकली, अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा. वांगाचा डाग दिसतो, मुरुमाची खूण दिसते आणि तिला ते चालतं. वीस मिनिटांचं काम.

दुसरी इच्छा ‘नॅचरल लूक’ची. यात चेहरा बिनमेकअपचा दिसतो, पण त्यावर मेकअप पूर्ण असतो. आधी मेकअप नीट बसावा म्हणून प्रायमर, मग डोळ्यांखालच्या काळपट निळसर छटेवर नारिंगी करेक्टर, कारण नारिंगी रंग निळा मारतो. त्यावर डाग झाकणारा कन्सीलर, अगदी पातळ फाउंडेशन, गालांवर बोटानं थोपटलेला क्रीम ब्लश, पापण्यांना सुट्या सुट्या लॅशेस, शेवटी मेकअप टिकवणारा सेटिंग स्प्रे. वेळ दीड-दोन तास, म्हणजे भरगच्च ग्लॅमर मेकअपइतकाच. उलट हात जास्त जपावा लागतो. जाड थराखाली चूक झाकली जाते, पातळ थरात ती उघडी पडते. “नॅचरलच करायचंय, मग पैसे कमी घ्या” असं म्हणणाऱ्या आयांना मी हे सगळं करून दाखवते.

हा फरक मला एका तासगावच्या मुलीनं शिकवला. तिनं नॅचरल म्हटलं, मी नॅचरल लूक केला आणि तो छान जमलाही होता. तिनं आरशात बघितलं, हनुवटीवर बोट ठेवलं आणि हळूच विचारलं, “ताई, माझा तीळ कुठं गेला?” आजीसारखाच तीळ होता तो. दोन तासांचं काम मी कापसानं पुसून काढलं. काजळ घातलं, गजरा माळला. पिवळ्या अष्टपुत्रीत ती बोहल्यावर उभी राहिली आणि तीळ दिसत होता. तेव्हापासून मी लग्नाआधीच्या मेकअप ट्रायलला आधी एवढंच विचारते, तीळ ठेवायचा की झाकायचा? उत्तरावरून पुढचं सगळं कळतं.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आडवी येते, ती म्हणजे हळद. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिचा पक्का रंग मला त्याआधीपासून माहीत आहे. उष्टी हळद लागली की दुसऱ्या सकाळी कपाळाच्या कडेला, कानामागे, मानेच्या वळीत पिवळेपणा उरतो. साध्या नवरीला तो शोभून दिसतो. ग्लॅमर मेकअपखाली तो झाकला जातो. पंचाईत होते ती नॅचरल लूकवालीची, कारण ट्रायलला जुळवलेली फाउंडेशनची शेड त्या दिवशी चेहऱ्याशी जुळतच नाही. साबणानं घासून उपयोग नाही, त्वचा लाल होते तेवढीच. हळदीचा रंग तेलात विरघळतो. खोबरेल तेल लावा, थोडं थांबा, मऊ कापडानं हलके पुसा. मग खिडकीजवळ उभं करून जबड्याच्या कडेला शेड बघायची, ट्यूबलाइटखाली नाही.

माझी स्वतःची आवड विचाराल तर दुपारच्या मुहूर्ताला नॅचरल लूकच. उन्हात तो जिवंत दिसतो. रात्रीच्या रिसेप्शनला मात्र मी भरघोस मेकअपच्या बाजूची आहे. व्हिडिओवाल्याच्या लाइटमध्ये पातळ मेकअप विरून जातो, डोळे सपाट दिसतात. तिथं ठसठशीत लायनर, गडद ओठ हवेतच. झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन खाली असेल, तर फ्लॅशमध्ये चेहरा पांढुरका येतो, म्हणून रात्री ते टाळते.

आणि कुठलाही मेकअप चालू असला, तरी एखादी काकू दारातून डोकावतेच. “जरा उजळ कर गं पोरीला.” साधं असो, नॅचरल असो की ग्लॅमर, गोरं करणं यातल्या कशातच येत नाही. तेवढं मी करत नाही. मुलीची मान काकूंकडे वळवते आणि सांगते, “काकू, हा हिचा रंग. चेहरा याच्याशीच जुळवणार.”