मॉन्टिसेलोचे वंशज : हेमिंग्ज आणि जेफरसन

मॉन्टिसेलो म्हणजे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन (१७४३–१८२६) याचा व्हर्जिनियातला मळा, शार्लट्सव्हिलजवळच्या टेकडीवर. आयुष्यभरात जेफरसनने ६०० हून जास्त माणसं गुलाम म्हणून ठेवली, आणि त्यातल्या हेमिंग्ज घराण्याचं मालकाच्या घराशी रक्ताचं नातं असल्यामुळे इथल्या काळ्या-गोऱ्या वंशजांचा इतिहास वेगवेगळा सांगताच येत नाही.

एलिझाबेथ हेमिंग्ज (जन्म साधारण १७३५) आणि तिची मुलं जेफरसनकडे आली ती सासरा जॉन वेल्स वारल्यावर, बायकोच्या वारशात. त्यातली सहा मुलं वेल्सचीच होती असं बहुतेक अभ्यासक धरतात, म्हणजे धाकटी सॅली (१७७३–१८३५) ही जेफरसनच्या बायकोची सावत्र बहीण. सॅलीची चार मुलं मोठी झाली: बेव्हर्ली, हॅरिएट, मॅडिसन, एस्टन.

त्यांचा बाप कोण, यावर खूप वाद झालाय. १८०२ मध्ये कॅलेंडर नावाच्या पत्रकाराने रिचमंडच्या पेपरात जेफरसनचं नाव छापलं, १८७३ मध्ये खुद्द मॅडिसनने ओहायोतल्या पेपरात तेच सांगितलं. गोऱ्या नातवंडांनी मात्र जेफरसनच्या भाच्यांकडे, कार भावांकडे बोट दाखवलं आणि बऱ्याच इतिहासकारांनी कितीतरी वर्षं तेच उचललं. मग १९९८ ची डीएनए टेस्ट. वाय गुणसूत्र बापाकडून मुलग्याकडेच जातं आणि जेफरसनचा मुलगा जगला नव्हता, त्यामुळे त्याच्या काकाच्या पुरुष वंशजांचे नमुने घेतले, ते एस्टनच्या वंशजाशी जुळले, कारांचे जुळले नाहीत. वुडसन घराण्यातही जेफरसनचे वंशज असल्याची परंपरा आहे, पण तिथे मेळ बसला नाही. टेस्टमधून जेफरसन घराण्यातला कोणीतरी पुरुष एवढंच कळतं, म्हणून २००१ मधल्या एका अभ्यासक समितीतल्या बहुतेकांनी भाऊ रँडॉल्फवर संशय घेतला. पण सॅलीला दिवस राहिले त्या प्रत्येक वेळी जेफरसन मॉन्टिसेलोवरच होता, आणि तिची चारही मुलं मोकळी झाली, जे तिथल्या दुसऱ्या कुठल्याच गुलाम कुटुंबाच्या वाट्याला आलं नाही. त्यामुळे मॉन्टिसेलो चालवणाऱ्या फाउंडेशनने २००० मध्ये मॅडिसनच्या बाजूने दिलेला निष्कर्षच जास्त पटतो.

बेव्हर्ली आणि हॅरिएट गोऱ्या समाजात मिसळून गेले. एस्टन १८५२ च्या सुमारास विस्कॉन्सिनला गेला, जेफरसन आडनाव लावलं, आणि त्याचा मुलगा यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात कर्नल झाला. मॅडिसनची मुख्य शाखा काळीच राहिली. त्याचा नातू फ्रेडरिक रॉबर्ट्स १९१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधानसभेवर निवडून आला.

बाकीच्या कुटुंबांचा माग काढणं फार अवघड. जेफरसन वारल्यावर जानेवारी १८२७ च्या लिलावात मळ्यावरची १३० गुलाम माणसं विकायला काढली. जोसेफ फॉसेट या गुलामाला जेफरसनच्या मृत्युपत्राने मोकळं केलं पण त्याची बायको-मुलं विकली गेली. १८५० आणि १८६० च्या गुलाम-गणनेत वय, लिंग, रंग आहे, नावं जवळपास नाहीतच, ती १८७० पासून मिळतात. म्हणून १९९३ पासून मॉन्टिसेलोने वंशजांच्या तोंडी आठवणी जमवायला घेतल्या.

जेफरसनच्या मुलींच्या वंशजांची संस्था घराण्याचं कबरस्तान सांभाळते. तिने २००२ मध्ये मतदान करून हेमिंग्ज वंशजांना सभासदत्व नाकारलं.