फायनाइट मॅथ म्हणजे "हलकं गणित" नाही हो

अमेरिकेत बिझनेसला ॲडमिशन घेतलेल्या आपल्या पोरांना वर्षानुवर्षं हेच सांगितलं जातं, की फायनाइट मॅथ म्हणजे ज्यांना कॅल्क्युलस झेपत नाही त्यांच्यासाठीचं गणित, बारावीवाल्याने अभ्यास नाही केला तरी चालतं. साफ चूक आहे हे.

मुळात विषयच वेगळा. 1950 च्या दशकात डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि सहकाऱ्यांनी तो घडवला (हेच केमेनी, 1964 ला ज्या दोघांनी बेसिक ही कॉम्प्युटरची भाषा काढली त्यातले एक). यात मॅट्रिक्स, लिनिअर प्रोग्रॅमिंग (ठरलेल्या मर्यादांत जास्तीत जास्त नफा किंवा कमीत कमी खर्च काढणं), प्रोबॅबिलिटी, बऱ्याच ठिकाणी कर्जाचे हप्ते पण.

बारावीला एलपीपी, म्हणजे लिनिअर प्रोग्रॅमिंगचं गणित, दोन व्हेरिएबलचं असतं, ग्राफ काढला की सुटतं. इथे चार व्हेरिएबल आले की ग्राफ कामाचाच नाही, मग गणितज्ञ डँट्झिगची 1947 ची सिम्प्लेक्स पद्धत, म्हणजे टेबल मांडून पायरीपायरीने उत्तराकडे जायचं, आणि एक रो चुकली की पुढचं सगळं टेबल चुकतं.

आता हे बघा. 1000 नगांत 20 खराब, मशीन खराब माल 90 टक्के वेळा पकडतं पण चांगल्यातला 5 टक्केही चुकून बाजूला काढतं. बाजूला काढलेला नग खरंच खराब असेल याची शक्यता किती? जवळजवळ सगळे 90 म्हणतात. मोजा ना, खराब पकडले 18, चांगले अडकले 49, म्हणजे 67 पैकी 18, जेमतेम 27 टक्के. कॅल्क्युलस कुठेच लागलं नाही, पण डोकं पूर्ण लागलं, आणि माल फेकायचा की परत तपासायचा हे यावरच ठरतं.