मनगटावरचा धातू: स्मार्टवॉचसाठी चेन निवडताना

नाशिकच्या भांडी बाजारात तांब्या-पितळेचे भांडे घेणारा माणूस आधी ते हातावर तोलतो, मग बोटाने वाजवून बघतो आणि शेवटी काट्यावर ठेवायला लावतो. भांडे जितके जड तितके ते टिकाऊ, ही आपल्याकडची जुनी खूणगाठ आहे आणि भांड्यांच्या बाबतीत ती बरीचशी खरीही आहे, कारण तेथे जास्त वजन म्हणजे जाड पत्रा. स्मार्टवॉचसाठी धातूची चेन घेताना मात्र हाच अंदाज फसवतो. येथे वजनापेक्षा दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या असतात: धातूच्या अंगावरचा, डोळ्यांना कधीच न दिसणारा ऑक्साइडचा थर, आणि ती चेन घड्याळाची पाठ मनगटाला किती नेमकी टेकवून ठेवते हे.

स्टेनलेस स्टीलचे सगळे मोठेपण त्यातल्या क्रोमियममध्ये आहे. लोखंडात साधारण साडेदहा टक्क्यांहून अधिक क्रोमियम मिसळले, की हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा एक सलग थर तयार होतो. हा थर अवघा काही नॅनोमीटर जाडीचा असतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी पातळ. पण तो ओरखड्याने फाटला तरी हवा मिळताच स्वतःहून पुन्हा धरतो. इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली यांनी 1913 मध्ये बंदुकीच्या नळ्यांसाठी क्रोमियमयुक्त पोलाद तयार करताना त्याचा हा गुण हेरला, आणि पुढे तेच पोलाद सुऱ्या-काट्यांपासून शस्त्रक्रियेच्या अवजारांपर्यंत सर्वत्र पोहोचले.

या थराचा खरा शत्रू मीठ आहे, आणि मनगटावर मिठाची कधीच कमतरता नसते. घामातले क्लोराइडचे कण थराला जेथे कमकुवत जागा असेल तेथे भोक पाडतात आणि आत टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडू लागतात. दोन कड्यांच्या फटीत तर हे अधिक वेगाने होते, कारण तेथे घाम साठून राहतो, हवा मात्र पोहोचत नाही, आणि हवेशिवाय फाटलेला थर पुन्हा धरू शकत नाही. म्हणूनच चांगल्या चेनसाठी 316एल या प्रतीचे स्टील वापरतात. त्यात 16 ते 18 टक्के क्रोमियम आणि 10 ते 14 टक्के निकेल यांच्या जोडीला 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असते, आणि क्लोराइडपुढे टिकाव धरण्याचे काम हे मॉलिब्डेनम करते. आपल्या स्वयंपाकघरातल्या चांगल्या स्टीलच्या भांड्यांची प्रत बहुधा 304 असते. तिच्यात मॉलिब्डेनम नसते. ताटासाठी ती उत्तम आहे, पण उन्हाळ्यात दिवसभर घामात भिजणाऱ्या चेनसाठी मी 316एलच मागेन.

दुकानात ही प्रत ओळखायची कशी? अनेक जण लोहचुंबक लावून बघतात आणि तो चिकटला नाही की माल अस्सल समजतात. ही परीक्षा दोन्ही बाजूंनी फसवी आहे. आपले एक रुपयाचे नेहमीचे नाणे स्टेनलेस स्टीलचेच असते, तरीही ते चुंबकाला चटकन चिकटते, कारण त्यात निकेल नसते आणि त्यातल्या अणूंची मांडणी वेगळी असते. उलट निकेलऐवजी मँगेनीज घालून स्वस्त केलेले 200 मालिकेतले स्टील चुंबकाला चिकटत नाही, पण घामापुढे ते 316एलइतके टिकत नाही. त्यामुळे चेनवर किंवा बकलच्या आतल्या बाजूला कोरलेला प्रतीचा क्रमांक बघावा, बिलावर तो लिहून घ्यावा, आणि विक्रेता नुसते ‘स्टील’ म्हणत असेल तर पुढच्या दुकानात जावे.

हे मी अनुभवाने शिकले. काही वर्षांपूर्वी हौसेने घेतलेल्या एका चमकदार चेनचा मुलामा दोन उन्हाळ्यांत उडाला, बकलच्या कडेला आतला पिवळा धातू दिसू लागला आणि मनगटावर बरोबर बकलच्याच आकाराचा लाल, खाजरा चट्टा उठला. खोट्या कानातल्यांनी ज्यांचे कान चिघळतात, त्यांना हा त्रास ओळखीचा असेल. बहुतेक वेळा त्याचे कारण निकेल असते. घामात विरघळलेले निकेलचे कण त्वचेत शिरतात, शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांना परके मानून लक्षात ठेवते, आणि त्यानंतरच्या प्रत्येक स्पर्शानंतर एक-दोन दिवसांत तेथे दाह होतो. एकदा जडलेली ही ॲलर्जी सहसा जन्मभर राहते, म्हणून ती जडण्याआधीच काळजी घेण्यात शहाणपण आहे.

येथे एक शंका साहजिक आहे: 316एलमध्येही दहा टक्क्यांहून अधिक निकेल असताना ते सुरक्षित कसे? त्वचेला बाधते ते धातूतले निकेल नसून धातूतून सुटणारे निकेल असते. चांगल्या स्टीलमध्ये ते स्फटिकाच्या रचनेत पक्के बसलेले असते आणि वर ऑक्साइडचा थर राखण करतो. युरोपीय संघाने त्वचेला दीर्घकाळ चिकटून राहणाऱ्या वस्तूंसाठी दर आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे 0.5 मायक्रोग्रॅम ही मर्यादा घातली आहे, ती याच सुटणाऱ्या निकेलवर. ज्या स्टीलमध्ये यंत्रावर कापायला सोपे जावे म्हणून गंधक मिसळलेले असते, त्यातून मात्र निकेल बरेच अधिक सुटते. घरी तपासायचे असल्यास डायमिथिलग्लायऑक्झाइमचा संच मिळतो. त्याच्या द्रावणात भिजवलेला कापसाचा बोळा धातूवर घासल्यावर गुलाबी झाला, तर निकेल सुटते आहे असे समजावे. प्रत्येक चट्टा निकेलचाच असतो असेही नाही. चेनखाली अडकलेला साबण आणि न वाळलेला घाम यांनीही त्वचा सोलवटते, आणि त्यावर चेन काढून मनगट कोरडे ठेवणे हाच उपाय असतो.

ज्यांना निकेलचा त्रास निश्चित आहे, त्यांनी टायटॅनियमकडे वळावे. विल्यम ग्रेगर या धर्मोपदेशकाने 1791 मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातील काळ्या वाळूत हे मूलद्रव्य शोधले. तशीच इल्मेनाइटयुक्त काळी वाळू आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे. म्हणजे हा धातू दुर्मीळ नाही. तो महाग पडतो, कारण खनिजातला ऑक्सिजन तो सहजी सोडत नाही. त्यासाठी आधी त्याचे क्लोराइड करून, हवाबंद पात्रात, मॅग्नेशियमच्या साहाय्याने त्याला मोकळे करावे लागते. नंतर तो कापणेही सोपे नसते. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत टायटॅनियमचा जॉब लेथवर लावलेला कोणीही सांगेल, की त्यात उष्णता पसरत नाही, ती टूलच्या धारेवरच साठते आणि धार लवकर बोथट होते. ओझरच्या विमान कारखान्यात बांधल्या जाणाऱ्या सुखोई विमानांच्या सांगाड्यात हा धातू वापरला जातो, तो वजनाच्या मानाने त्याची ताकद मोठी असल्यामुळे.

चेनमध्ये हाच गुण थेट जाणवतो. एक घन सेंटिमीटर स्टील सुमारे 8 ग्रॅम भरते, तर तेवढेच टायटॅनियम सुमारे 4.5 ग्रॅम. स्टीलची 80 ग्रॅमची चेन जशीच्या तशी टायटॅनियममध्ये घडवली, तर ती 45 ग्रॅमची होईल. भांडी बाजारातला हात तिला ‘हलकी’ म्हणून बाजूला ठेवील, आणि येथेच तो चुकेल. शिवाय टायटॅनियम अंगातली उष्णता सावकाश ओढून घेते, त्यामुळे निफाडकडच्या थंडीत पहाटे मनगटावर चढवताना स्टीलसारखा चटका बसत नाही. टायटॅनियम घेताना तेही कोणत्या प्रतीचे आहे ते विचारावे. ग्रेड 2 म्हणजे जवळजवळ शुद्ध आणि तुलनेने मऊ धातू. ग्रेड 5 मध्ये 6 टक्के ॲल्युमिनियम आणि 4 टक्के व्हॅनेडियम असते आणि तो सर्वसाधारण 316एलपेक्षा बराच कठीण असतो. तरीही ओरखडे दोघांवरही पडतात, कारण धुळीतले गारगोटीचे कण या दोन्ही धातूंपेक्षा कठीण असतात.

काळ्या किंवा सोनेरी रंगाच्या चेनबद्दल थोडेच सांगते. हा रंग निर्वात पेटीत चढवलेला, काही मायक्रोमीटर जाडीचा अतिकठीण लेप असतो. भुसभुशीत जमिनीवर पातळ शहाबादी फरशी बसवावी तसे त्याचे असते: किरकोळ घासण्याला तो दाद देत नाही, पण खालचा धातू ठोक्याने दबला की वरचा लेप तडकतो, आणि त्याची दुरुस्ती होत नाही. साध्या स्टीलला पुन्हा पॉलिश करता येते. मी बिनलेपाचीच चेन घेते.

आता मनगटाकडे येऊ. घड्याळाच्या पाठीवरचे हिरवे दिवे त्वचेत प्रकाश सोडतात. रक्तातील हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषते, त्यामुळे प्रत्येक ठोक्यागणिक परत येणारा प्रकाश किंचित कमी-जास्त होतो, आणि त्या किंचितशा फरकावरून नाडी मोजली जाते. घड्याळ त्वचेवर सरकले किंवा बाहेरचा उजेड आत शिरला, तर हा फरक गोंधळात हरवतो. जड चेन हात हलताना घड्याळाला सोबत ओढते. शिवाय एक कडी काढली तर घट्ट आणि ठेवली तर सैल, अशी अडचण होते. त्यातच मनगटही दिवसभर सारखे राहत नाही. उन्हाने ते दुपारी थोडे फुगते. म्हणून बकलमध्ये दोन-तीन मिलिमीटरची सोय करून देणारी बारीक खाच किंवा अर्धी कडी आहे का, हे मी धातूच्या खालोखाल महत्त्वाचे मानते. जाळीची, चुंबकाने मिटणारी चेन हवी तेवढी घट्ट करता येते, पण तिचे चुंबक घड्याळातले होकायंत्र बिघडवू शकते, आणि पेसमेकर बसवलेल्यांनी असे चुंबक छातीपासून किमान 15 सेंटिमीटर लांब ठेवावे. पळायला जाताना मात्र धातू उतरवून सिलिकॉनचा पट्टा लावणेच योग्य.

मेनरोडवरच्या एका घड्याळदुरुस्तीच्या टपरीत मी माझी सध्याची चेन कमी करून घेतली. दुरुस्ती करणाऱ्या काकांनी डोळ्याला भिंग लावले, कडीच्या आतल्या बाजूचा बाण दाखवला आणि पिन त्याच दिशेने ठोकून बाहेर काढली. शेजारी पडलेली दुसऱ्या कोणाची तरी चेन उचलून ते म्हणाले, “ताई, ही बघा, पत्रा दुमडून केलेली. आतून पोकळ. हिला ठोकायला गेलं की कडीच दबते.” भरीव कडीची कड एकसंध असते, पोकळ कडीत बारकाईने पाहिल्यास पत्र्याची घडी दिसते. महागड्या चेनमध्ये पिनऐवजी स्क्रू असतात, आणि ते घरी काढताना पेचकसाचे टोक खाचेत नेमके बसले नाही, तर खाच कायमची खराब होते. काकांनी घड्याळाच्या बाजूचे स्प्रिंग बारही बदलून दिले, कारण भरीव चेनचा सगळा भार शेवटी त्या दोन बारीक दांड्यांवर येतो आणि जुन्या दांड्यांची स्प्रिंग मऊ पडलेली असते. दोन्ही बाजूंनी सारख्या कड्या काढल्या म्हणजे बकल मनगटाच्या मध्यावर राहते, हे सांगत त्यांनी उरलेल्या कड्या त्यांच्या पिनांसकट एका छोट्या पुडीत बांधून माझ्या हातावर ठेवल्या.