प्लाझ्मा शस्त्रक्रिया उपकरण : पेटंटचे परीक्षण कसे होते आणि अर्ज कुठे अडकतो
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

प्लाझ्माने, म्हणजे विजेने आयनित केलेल्या वायूने, ऊतक कापणारे, रक्तस्राव थांबवणारे किंवा पातळ थर काढणारे उपकरण तुम्ही बनवत असाल आणि त्याचे भारतात पेटंट घ्यायचे असेल, तर हे पत्रक तुमच्यासाठी आहे. फॉर्म भरणे अवघड नसते. अर्ज नाकारला जातो तो स्पेसिफिकेशनमध्ये (शोधाच्या लेखी वर्णनात) काय लिहिले आणि काय राहून गेले यामुळे. म्हणून इथे जास्त जागा मजकुराला दिली आहे.

आधी मुदती

महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमधल्या अर्जदाराचा अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयात दाखल होतो. परीक्षण मात्र मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता यांपैकी कुठल्याही कार्यालयातला एक्झामिनर करू शकतो.

अर्ज भरला म्हणून परीक्षण आपोआप सुरू होत नाही. फॉर्म १८ भरून ते मागावे लागते. १५ मार्च २०२४ पासून दाखल झालेल्या अर्जांसाठी ही मुदत प्राधान्य तारखेपासून, म्हणजे याच शोधाच्या पहिल्या अर्जाच्या तारखेपासून, ३१ महिने आहे, त्याआधीच्या अर्जांना ४८ महिने होते. मुदत टळली की अर्ज मागे घेतल्याचे धरले जाते. स्टार्टअप, लघुउद्योग किंवा महिला अर्जदार असल्यास फॉर्म १८-ए भरून जलद परीक्षण मागता येते. लघुउद्योगाच्या दराने ऑनलाइन फी फॉर्म १८ ला ४,००० रुपये आणि १८-ए ला ८,००० रुपये आहे. मोठ्या कंपनीला तीच २०,००० आणि ६०,००० पडते. कमी दर हवा असेल तर फॉर्म २८ सोबत उद्यम नोंदणीचा दाखला लागतो. लघुउद्योगाला दहाच्या वरच्या प्रत्येक क्लेमला (शोधाचा कोणता भाग आपला ते सांगणाऱ्या दाव्याला) ३२० रुपये आणि तिसाच्या वरच्या प्रत्येक पानाला १६० रुपये जादा. पानांचे पैसे वाचवण्यासाठी वर्णन आखडते घेऊ नका. त्याचे कारण पुढे येईल.

एक्झामिनर कुठे कुठे शोधतो

प्लाझ्मा उपकरणे ढोबळमानाने तीन जातींची असतात. आरगॉन कोॲग्युलेटरमध्ये उच्च वारंवारतेचा प्रवाह आयनित आरगॉनमधून ऊतकात जातो आणि रुग्णाच्या अंगावर लावलेल्या रिटर्न प्लेटमधून परततो. दुसऱ्या जातीत कॅथोड आणि ॲनोड दोन्ही हँडपीसमध्येच (सर्जन हातात धरतो त्या भागात) असतात, बाहेर फक्त तापलेल्या वायूची धार येते, रुग्णाच्या शरीरातून प्रवाह जात नाही. तिसऱ्या जातीत सलाइनमध्ये बुडालेल्या इलेक्ट्रोडभोवती वाफेचा थर तयार होऊन त्यात प्लाझ्मा पेटतो आणि आसपासच्या ऊतकाचे तापमान साधारण ४० ते ७० अंशांच्या आसपास राहते. तुमचे उपकरण कोणत्या जातीचे ते पहिल्या क्लेममध्येच स्पष्ट दिसले पाहिजे. नाही तर तिन्ही जातींचे जुने पेटंट तुमच्यासमोर ठेवले जाते.

पेटंट वर्गीकरणात वायूचा प्लाझ्मा वापरणाऱ्या शस्त्रक्रिया उपकरणांचा वर्ग ए६१बी १८/०४२. पण शोध तिथेच थांबत नाही. एच०५एच १ या वर्गात वेल्डिंग आणि थर्मल स्प्रेच्या टॉर्च येतात, आणि टंगस्टनचा कॅथोड, पाण्याने थंड होणारे तांब्याचे नोझल, मधले इन्सुलेटेड इलेक्ट्रोड हे सगळे तिथे जुने आहे. ‘आम्ही तेच लहान केले’ एवढ्याने कल्पकतेची पायरी, म्हणजे जाणकाराला सहज सुचले नसते असे काही, सिद्ध होत नाही.

लहान करताना काय बिघडले आणि ते कसे सोडवले, हे मात्र मोलाचे असते. उदाहरणार्थ, वायूमार्ग एक मिलिमीटरच्या आसपास आला की आर्क (वायूतून जाणारी विजेची ज्योत) दुहेरी होण्याचा धोका वाढतो: कॅथोडपासून भिंतीपर्यंत एक आणि भिंतीपासून ॲनोडपर्यंत दुसरी. भिंतीचे तांबे झिजते आणि त्याचे कण धारेबरोबर जखमेत जातात. कारखान्यातल्या टॉर्चला हा फक्त नोझलच्या आयुष्याचा प्रश्न आहे, शस्त्रक्रियेत रुग्णाच्या सुरक्षिततेचा आहे. तुमच्या मधल्या इलेक्ट्रोडची लांबी, संख्या किंवा वायूमार्गाचा उतार यामुळे हे टळत असेल, तर तोच तुमचा शोध. टळते हे दाखवणारी मोजमापे स्पेसिफिकेशनमध्ये हवीत.

कलम ३(आय): सर्जनची कृती नको, उपकरण हवे

पेटंट कायद्याच्या या कलमामुळे माणसावर किंवा प्राण्यावर उपचार करण्याची पद्धत भारतात पेटंटला पात्र नाही. उपकरण पात्र आहे. बरेच आक्षेप याच सीमेवर येतात.

‘प्लाझ्माची धार ऊतकापासून ५ मिमी अंतरावर धरून रक्तस्राव थांबवण्याची पद्धत’ हा क्लेम टिकणार नाही. त्याचे ‘रक्तस्राव थांबवण्यासाठी उपकरणाचा उपयोग’ असे केले तरी टिकत नाही. पण ते ५ मिमी अंतर उपकरणच राखत असेल, म्हणजे नोझलच्या पुढे तेवढ्या लांबीचा, बाजूने वायू निसटेल अशा खाचा असलेला टेकू बसवलेला असेल, तर अंतर हा उपकरणाचा भाग झाला. आता क्लेम असा होतो: ‘कॅथोड, नोझल आणि नोझलच्या तोंडापुढे ५ मिमी बाहेर येणारा खाचदार टेकू असलेला हँडपीस’. काम तेच, पण आता ते सर्जनच्या हातातून उपकरणाच्या अंगात आले. तुमच्या प्रत्येक ‘असे करावे’ या वाक्याकडे याच नजरेने पाहा: ते काम कुठला भाग, कुठला व्हॉल्व्ह, कुठला सेन्सर करतो?

उपकरणाच्या नियंत्रक सर्किटमधल्या प्रोग्रामला कलम ३(के) आडवे येते: नुसता संगणक प्रोग्राम पेटंटला पात्र नाही. ‘ऊतक कोरडे होत आहे हे ओळखणारा अल्गोरिदम’ लिहू नका. प्रवाह मोजणारा सेन्सर, त्याचा सिग्नल घेणारे सर्किट आणि वायूचा व्हॉल्व्ह बंद करणारी जोडणी लिहा. ओळखीच्या हँडपीसला सक्शनची नळी जोडली आणि दोघे आपापले काम वेगवेगळे करत राहिले, तर कलम ३(एफ)चा, म्हणजे ओळखीच्या भागांची नुसती मांडणी केल्याचा, आक्षेप येतो. सक्शन वाढल्यावर धार वाकडी होते म्हणून आरगॉनचा प्रवाह आपोआप वाढवला जात असेल, तर दोन भाग एकत्र काम करतात हे लिहून दाखवा.

आकडे: ‘कोणते तापमान?’

‘प्लाझ्माचे तापमान ६० अंशांपेक्षा कमी’ असा क्लेम आला की अस्पष्टतेचा आक्षेप ठरलेला. शीत प्लाझ्मात इलेक्ट्रॉनचे तापमान दहा हजार केल्विनच्या वर असते आणि त्याच क्षणी वायू जवळजवळ खोलीच्या तापमानाला असतो. म्हणून वायूचे तापमान की ऊतकाच्या पृष्ठभागाचे, नोझलपासून किती मिलिमीटरवर, चालू केल्यावर किती सेकंदांनी आणि कोणत्या साधनाने मोजले, हे सगळे वर्णनात हवे. थर्मोकपल धारेत धरला आणि उच्च वारंवारतेचा प्रवाह चालू असला, तर त्यात विद्युत गडबड शिरून आकडा चुकतो. ते कसे टाळले तेही लिहा.

वायूचा प्रवाह लिटर प्रति मिनिटात देताना प्रमाण तापमान सांगा. ० अंश धरले की २० अंश, यावरून आकड्यात सुमारे सात टक्के फरक पडतो. जुन्या पेटंटमधली आकड्यांची कक्षा तुमच्या कक्षेला लागून असेल, तर सात टक्क्यांवर नावीन्य जाऊ शकते. ‘साधारण’, ‘पुरेसा’, ‘योग्य’ हे शब्द क्लेममध्ये नकोत. आकृतीतले क्रमांक क्लेममध्ये कंसात द्यावेत.

ही सगळी माहिती पूर्ण स्पेसिफिकेशन भरण्यापूर्वीच हवी. नंतर कलम ५९ नुसार दुरुस्ती करून क्लेम लहान करता येतो, चूक सुधारता येते, पण मूळ मजकुरात नसलेली गोष्ट आत घालता येत नाही. प्रोव्हिजनल (तात्पुरता, आधी भरलेला) अर्ज केला असेल तर पूर्ण स्पेसिफिकेशनला १२ महिने मिळतात. तेवढ्यात मोजमापे पूर्ण करा. मधल्या मूल्यांच्या पायऱ्याही लिहून ठेवा: मार्गाचा व्यास ०.३ ते १.० मिमी, शक्यतो ०.४ ते ०.८, अशा. एक्झामिनरने ०.९ मिमीचे जुने उपकरण दाखवले तर मागे सरकायला ती पायरी उपयोगी पडते. ती लिहिलेली नसेल, तर सरकायला जागाच नसते.

अहवाल आल्यावर

पहिल्या परीक्षण अहवालाच्या तारखेपासून सहा महिन्यांत उत्तर द्यावे लागते. आणखी तीन महिने फॉर्म ४ ने मिळतात, पण ते मूळ मुदत संपण्यापूर्वी मागावे लागतात. उत्तर गेले नाही तर अर्ज सोडून दिल्याचे धरतात. परदेशी अर्ज असतील तर अहवालापासून तीन महिन्यांत त्यांची माहिती देणारा अद्ययावत फॉर्म ३ लागतो. उत्तराच्या गडबडीत हा नेमका विसरतो.

उत्तराने समाधान झाले नाही तर हिअरिंग लागते, बहुधा व्हिडिओवर. त्यानंतर लेखी म्हणणे १५ दिवसांत द्यायचे असते. उपकरण बनवणारा इंजिनिअर हिअरिंगला हजर असावा असा आमचा आग्रह असतो. दुहेरी आर्क कशी टळते हे पेटंट कंट्रोलरला (अर्जावर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याला) तोच नीट समजावू शकतो. अर्ज नाकारला गेल्यास अपील उच्च न्यायालयात होते.

परदेशात अर्ज आणि आधी झालेली प्रसिद्धी

भारतात राहणाऱ्या संशोधकाने आधी परदेशात अर्ज करायचा असेल तर फॉर्म २५ ने परवानगी घ्यावी, किंवा भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावे. युरोपातही उपचाराची पद्धत पेटंटला चालत नाही. अमेरिकेत चालते, मात्र डॉक्टरविरुद्ध असे पेटंट वापरण्यावर तिथल्या कायद्यात मोठी बंधने आहेत. म्हणून पद्धतीचे वर्णन भारतीय स्पेसिफिकेशनमध्ये ठेवावे, क्लेम करू नये. अमेरिकेतला क्लेम त्याच वर्णनावर उभा राहतो.

अर्जापूर्वी सर्जनना उपकरण दाखवायचे असेल तर गोपनीयतेच्या लेखी करारावरच दाखवा. परिषदेत पेपर वाचल्यास कलम ३१ मध्ये काही अटींवर १२ महिन्यांची सवलत आहे, पण युरोपात तिचा उपयोग नाही. तिथला अर्ज त्या पेपरनेच पडतो.

पहिल्या भेटीत काय आणाल

हँडपीसचे उभे छेदचित्र मापांसह, प्रत्येक भागाचे साहित्य, वायू आणि शीतकाचा मार्ग, वीजपुरवठ्याची वारंवारता आणि तरंगाचा आकार, मोजमापांचे मूळ तक्ते, फसलेल्या रचनांचे तक्तेसुद्धा. कुठल्या मापाला उपकरण चालत नाही हे फसलेले तक्तेच दाखवतात, आणि क्लेमची सीमा आम्ही त्यावरून आखतो. उपकरण आजवर कोणाकोणाला, कुठे आणि कधी दाखवले याची यादी त्यासोबत हवी.