पुस्तकाभोवतीचा मजकूर (पॅराटेक्स्ट)

कादंबरीचे पहिले वाक्य वाचण्याआधीच वाचकाचे तिच्याविषयी काही ना काही मत झालेले असते. ते घडवणाऱ्या मजकुराला, म्हणजे मुखपृष्ठ, शीर्षक, ब्लर्ब (पुस्तकाची ओळख करून देणारा छोटा मजकूर), अर्पणपत्रिका, प्रस्तावना, तळटिपा यांना पॅराटेक्स्ट म्हणतात. फ्रेंच समीक्षक जेरार जेनेत यांनी 1987 साली या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याच्या शीर्षकाचा अर्थच ‘उंबरठे’ असा आहे. पुस्तकाच्या बांधणीत असतो तो पेरिटेक्स्ट. मुलाखती, पत्रे, रोजनिशी असा बाहेरचा तो एपिटेक्स्ट. लेखक किंवा त्याच्या बाजूची माणसे ज्याची जबाबदारी घेतात तेवढाच मजकूर जेनेत यात धरतात.

डिजिटल काळात नेमकी हीच अट डळमळली. ऑनलाइन दुकानात प्रकाशकाचा ब्लर्ब आणि अनोळखी वाचकांनी दिलेले तारे एकाच पडद्यावर दिसतात, आणि पुष्कळांची नजर आधी ताऱ्यांकडे जाते. मुखपृष्ठ नखाएवढे होते, म्हणून अक्षरे ठसठशीत लागतात. किंडल हे ई-पुस्तके वाचण्याचे उपकरण 2007 मध्ये आले. त्यावरची बरीच पुस्तके थेट पहिल्या प्रकरणावर उघडतात; अर्पणपत्रिका पाहायची तर उलटे जावे लागते. फुकट नमुन्यात पुस्तकाचा सुरुवातीचा थोडासाच भाग मिळतो. तो ऋणनिर्देशातच संपू नये म्हणून काही प्रकाशक ऋणनिर्देश शेवटी नेतात. इतरांनी अधोरेखित केलेली वाक्ये मजकुरातच खुणावतात, तेव्हा तर वाचकाचा एकांतच मोडतो. हे बदल केवळ तांत्रिक समजणे चूक ठरेल.

भोवतालच्या मजकुरातून कथा रचणे मुळात नवे नाही. ‘रॉबिन्सन क्रूसो’ (1719) प्रसिद्ध झाली तेव्हा मुखपृष्ठामागच्या शीर्षकपानावर डॅनियल डीफोचे नाव नव्हते; ‘त्याने स्वतः लिहिलेले’ एवढेच छापले होते, आणि संपादकाच्या नावाने आलेली प्रस्तावना हा खरा वृत्तांत असल्याची ग्वाही देत होती. इंटरनेटनंतर मात्र छापील कादंबरीने ही युक्ती ईर्ष्येने हाती घेतली. मार्क डॅनियलेव्स्की यांच्या ‘हाउस ऑफ लीव्ह्ज’मध्ये (2000) एका मृत वृद्धाचे हस्तलिखित आहे आणि ते सापडलेल्या तरुणाची स्वतःची कहाणी तळटिपांमधून वाढत जाते. टीप वगळणाऱ्याच्या हातून अर्धी कादंबरी निसटते. रंगीत आवृत्तीत ‘घर’ या अर्थाचा इंग्रजी शब्द जिथे जिथे येतो तिथे निळा छापला आहे, वेबपानावरच्या दुव्यासारखा.

जे. जे. अब्राम्स आणि डग डॉर्स्ट यांच्या ‘एस.’मध्ये (2013) तर कथा समासात शिरली आहे. वेष्टनातून निघते ते 1949 सालचे भासणारे, ग्रंथालयाचे शिक्के असलेले पुस्तक. दोन वाचक समासात वेगवेगळ्या शाईने एकमेकांना लिहीत राहतात. शाईचा रंग बदलला की काळ पुढे सरकल्याचे कळते. पाने उलटताना मध्येच पोस्टकार्डे, पत्रे, कागदी रुमालावर काढलेला नकाशा हाती येतो. ते कुठल्या पानात होते हे लक्षात ठेवावे लागते, कारण त्या जागेलाही कथेत अर्थ आहे.