कांदा-लीकच्या कुरकुरीत चकत्या

कांदा किंवा लीक आडवा चिरून, त्याची कडी सुटी करून, तेलात पाणी आटेपर्यंत तळलेला पदार्थ. घरगुती स्वयंपाकात याचे दोन प्रकार होतात. पहिल्यात जाड कड्या पिठात बुडवून तळतात. हॉटेलच्या मेन्यूवर त्यांना ‘अनियन रिंग्ज’ म्हणतात. दुसऱ्यात पातळ चकत्या पिठाशिवाय किंवा पीठ नुसते भुरभुरून तळतात आणि बिर्याणी, पुलाव, सूप यांवर पसरतात. मालेगावच्या बिर्याणीवर येणारा बिरिस्ता, म्हणजे तळलेला कुरकुरीत कांदा, या दुसऱ्या घराण्यातला. खेकडा भजी दोन्हींच्या मध्ये बसते: कांदा उभा चिरलेला आणि पीठ तो धरून ठेवण्यापुरतेच.

कांदा (अ‍ॅलियम सेपा) आणि लीक (अ‍ॅलियम अ‍ॅम्पेलोप्रॅसम) एकाच वंशातले (जीनसमधले) भाऊबंद असले तरी तेलात ते सारखे वागत नाहीत. कांद्याला गड्डा धरतो, त्याचे पापुद्रे जाड आणि रसाळ असतात. लीकला गड्डा धरत नाही. एकमेकांवर घट्ट गुंडाळलेल्या पानांच्या तळांचा पांढरा दांडा हाच त्याचा खाण्याचा मुख्य भाग. पातीचा कांदा म्हणजे लीक नव्हे. पात कोवळी, पोकळ आणि नळीदार असते, लीकची पाने चपटी व रुंद. लीकच्या जागी पात तळली तर ती क्षणात करपते.

कांद्याची निवड. नाशिक जिल्ह्यात कांदा हंगामावरून ओळखतात, आणि तळणाऱ्यासाठी हीच ओळख सर्वांत उपयोगी. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला खरिपाचा लाल ‘पोळ’ कांदा ऑक्टोबर ते डिसेंबरात निघतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेला ‘रांगडा’ त्यानंतर मार्चपर्यंत येत राहतो. डिसेंबर-जानेवारीत लावलेला रब्बीचा ‘उन्हाळ’ कांदा मार्चअखेर ते मे या काळात काढून, पात सुकवून, कांदाचाळीत भरतात आणि दिवाळीच्या आसपासपर्यंत पुरवून पुरवून बाजारात आणतात. खरिपासाठी बसवंत-७८०, रब्बीसाठी एन-२-४-१ या इथल्या जुन्या, नावाजलेल्या जाती. १९४७ साली स्थापन झालेली लासलगावची बाजार समिती आशियातील सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ म्हणून ओळखली जाते. पिंपळगाव बसवंतही तिच्या तोडीला आहे. इतका कांदा दाराशी असताना पिशवीत कोणता आला हे न पाहता तळायला बसणे, हा नाशिककराने करू नये असा आळस.

लाल कांदा ओला, कोवळा, भडक रंगाचा. त्यात पाणी अधिक, घन पदार्थ कमी. त्यामुळे पातळ चकती तळताना वेळ जास्त लागतो, तेलात फेस उठतो आणि ताटात आल्यावर ती लवकर मऊ पडते. भजीला मात्र तो उत्तम, कारण त्याच्या सुटलेल्या पाण्यातच बेसन भिजते. उन्हाळ कांदा घट्ट आणि चाळीत राहून आणखी सुकलेला असतो, म्हणून बिनपिठाच्या चकत्यांसाठी तोच घ्यावा. एक सावधगिरी हवी: साठवणीत कोंब फुटण्याची वेळ जवळ येते तशा कांद्यातल्या गुंतागुंतीच्या शर्करा मोडून साध्या शर्करा वाढतात, आणि असा कांदा तेलात लवकर लाल होतो. सप्टेंबरातल्या चाळीच्या कांद्याला मे महिन्यातल्या कांद्यापेक्षा मंद आच लागते, ती यामुळे.

कड्यांसाठी मध्यम ते मोठा, गोल, एकाच गाभ्याचा कांदा निवडावा. जोड कांद्यातून गोल कडी निघतच नाही. गोल्टी, म्हणजे अगदी लहान कांदा, तर चिरण्याच्या कष्टालाही परवडत नाही. ती भाजून काळ्या मसाल्याच्या वाटणात घालावी.

कुरकुरीतपणा येतो कसा. कच्च्या कांद्यात वजनाच्या ८५ टक्क्यांहून अधिक पाणी असते. गरम तेलात ते वाफ होऊन बाहेर पडते. तेलातले बुडबुडे म्हणजे हीच वाफ. वाफ जोरात बाहेर येत आहे तोवर तेल आत फारसे शिरू शकत नाही. पाणी संपत आले की पृष्ठभागाचे तापमान १०० अंश सेल्सियसच्या वर चढते, शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्या अभिक्रियेतून तांबूस रंग व खमंग वास तयार होतो, आणि उरलेला सांगाडा टणक बनतो. म्हणून बुडबुडे मंदावणे ही रंगापेक्षा भरवशाची खूण. बुडबुडे जोरात असतानाच रंग आला, तर आच जास्त आहे आणि कांदा आतून ओला आहे, असे समजावे. झारा उचलल्यावरही आतल्या उष्णतेने रंग चढत राहतो, त्यामुळे चकत्या हव्या त्या रंगाच्या एक छटा आधी काढतात. नवख्या हाताला नेमके हेच जमत नाही. कढईत बदामी दिसलेला कांदा ताटात काळपट आणि कडू निघतो.

मिठाचेही पाण्याशीच नाते आहे. मीठ लावले की कांद्याला पाणी सुटते. भजीसाठी ते हवेच असते. पिठाच्या कड्यांना आधी मीठ लावले तर पीठ कांद्यावरून घसरते. कड्यांचे मीठ पिठात घालावे, बिनपिठाच्या चकत्यांचे तळून झाल्यावर.

पिठाच्या कड्या. कांदा मुळे आणि शेंडा यांच्या रेषेला काटकोनात, साधारण १ सेंटिमीटर जाडीचा चिरावा. विळीवर इतकी सारखी जाडी साधणे कठीण, धारदार सुरी बरी. कड्या सुट्या केल्यावर प्रत्येकीच्या आतल्या बाजूला एक पातळ, गुळगुळीत पारदर्शक पापुद्रा असतो. तो सोलून टाकला तर पीठ चिकटून राहते. ठेवला तर पहिल्या घासाला कांदा सबंध ओढला जातो आणि हातात पिठाची रिकामी कडी उरते. दहा घरांत नऊ ठिकाणी हे काम गाळले जाते, आणि मग दोष पिठाला दिला जातो.

कड्या आधी कोरड्या कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवतात, म्हणजे वरचा ओलावा शोषला जातो. नंतरच्या घोळासाठी मैदा आणि तांदळाचे पीठ निम्मे-निम्मे, मीठ, तिखट आणि बर्फाचे पाणी किंवा थंड सोडा वॉटर घेतात. मैद्यात ग्लुटेन असते. पीठ कोमट पाण्यात कालवून फेटत बसले की ते ताणले जाते आणि कवच चिवट होते. तांदळाच्या पिठात ग्लुटेन नसल्याने ते कवचाला खुसखुशीत ठेवते. गार पाणी घालावे, कमी ढवळावे, गुठळ्या राहिल्या तरी चालतात. मैद्याऐवजी बेसन वापरणाऱ्यांनी भजीप्रमाणे कडकडीत तेलाचे मोहन घालावे. खाण्याचा सोडा चिमटीपुरता. जास्त झाला तर कवच जाळीदार होऊन तेल पिते.

तेलाचे तापमान १७५ ते १८० अंश ठेवतात. थर्मामीटर नसेल तर घोळाचा थेंब टाकून पाहावा: तो जरासा बुडून लगेच वर आला पाहिजे. तळाशी बसला तर तेल गार आहे, पडताक्षणी लाल झाला तर फार तापले आहे. एका वेळी चार-पाच कड्यांपेक्षा जास्त सोडू नयेत, कारण ओल्या कड्यांनी तेल झटकन निवते. दुसऱ्यांदा अर्धा मिनिट तळल्याने कवच आणखी कडक होते. तळलेल्या कड्या कागदावर एकमेकींवर रचू नयेत, जाळीवर सुट्या ठेवाव्यात. रचल्या तर त्यांचीच वाफ त्यांना मऊ करते.

लीक. नाशिकच्या नेहमीच्या भाजीवाल्याकडे, म्हणजे गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात वगैरे, लीक शोधत फिरण्यात अर्थ नाही. ब्रोकोली, झुकिनी ठेवणाऱ्या दुकानांत आणि मॉलमध्ये ते मिळते. हे थंड हवेचे आणि सावकाश वाढणारे पीक. दांडा पांढरा व लांब राहावा म्हणून वाढताना त्याला माती चढवत जातात, आणि तीच बारीक माती पानांच्या थरांत अडकून बसते. वरून धुतलेले लीक स्वच्छ दिसते, दाताखाली मात्र कचकचते.

म्हणून लीक आधी चिरावे आणि मग धुवावे. मुळे व गडद हिरवी पाने काढून पांढरा व फिकट हिरवा भाग ३ ते ५ मिलिमीटर जाडीच्या चकत्यांत चिरतात, मोठ्या पातेल्यातल्या भरपूर पाण्यात बोटांनी थर सुटे करतात आणि वर तरंगणाऱ्या कड्या हाताने उचलून घेतात. पातेले चाळणीत ओतू नये, तळाची माती पुन्हा लीकवरच येते. नंतर सुती फडक्यावर पसरून अगदी कोरड्या कराव्यात. ओल्या लीकने तेल जितके उडते तितके कांद्याने उडत नाही.

लीकचे थर इतके पातळ असतात की जाड घोळात त्यांची चव हरवते. कड्या ताकात बुडवून निथळाव्यात आणि मैदा-तांदळाच्या कोरड्या पिठात घोळवून जास्तीचे पीठ झाडावे, इतके पुरे. तापमान कांद्याहून कमी, १५० अंशांच्या आसपास. लीक फिकट पिवळसर असतानाच काढायचे असते. तांबूस होईपर्यंत थांबले तर त्याची सौम्य गोडी जाऊन कडवटपणा उरतो. कांदा आणि लीक एकाच घाण्यात तळणे हा घाईचा मार्ग, आणि त्यात दोन्हींचे नुकसान होते. गडद हिरवी पाने चिवट असतात, ती तळणीत नकोत; सूपचे पाणी उकळताना घालावीत.

पातळ चकत्या. उन्हाळ कांद्याच्या २ ते ३ मिलिमीटरच्या चकत्या मध्यम आचेवर, १६० अंशांच्या जवळपास, हलवत राहून तळतात. एका किलोतून जेमतेम पाव किलोच्या आसपास माल निघतो, बाकीचे पाणी. चकत्या तासभर पंख्याखाली पसरून ठेवल्या तर तेल आणि वेळ दोन्ही वाचतात. नाशिकच्या चिवड्यासाठी कांदा उन्हात वाळवून मग तळतात, त्यामागचे कारण हेच, फक्त तिथे ते टोकाला नेलेले असते: पाणी उन्हाने आधीच नेल्यामुळे असा कांदा काही क्षणांत तळून होतो आणि दिवसेंदिवस कुरकुरीत राहतो. एप्रिल-मे महिन्यांतले नाशिकचे कोरडे ऊन या कामाला साजेसे.

हंगाम, साठवण आणि तेल. तळलेला कांदा हवेतला ओलावा शोषून मऊ पडतो. पूर्ण निवल्यावर हवाबंद डब्यात भरलेल्या बिनपिठाच्या चकत्या नाशिकच्या थंडीत बरेच दिवस टिकतात. पावसाळ्यात डबा उघडाच राहिला तर संध्याकाळपर्यंत लोळागोळा. पण कांद्याचे सर्वांत जास्त तळण होते ते नेमके दमट आषाढात. आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्या घरांत भजी, थालीपीठ, कांद्याची भाकरी असे सगळे एकदाच करून घेतात. त्या दिवशी कढईतून थेट पानात हाच एक उपाय. (लीकचा उल्लेख चातुर्मासाच्या कोणत्या नियमात येण्याचे कारण नाही, पण कुळ पाहता त्याला वेगळी सवलत देणे ही पळवाट ठरेल.) पिठाच्या कड्या साठवण्याच्या फंदात पडू नये. मऊ पडलेल्या कड्या तव्यावर किंवा एअर फ्रायरमध्ये पुन्हा तापवता येतात, मायक्रोवेव्हमध्ये त्या आणखी लिबलिबीत होतात.

तळणीसाठी शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे रिफाइंड तेल चालते. तळाशी उरलेले पीठ आणि कांद्याचे तुकडे प्रत्येक घाण्यानंतर झाऱ्याने काढावेत. ते जळले की पुढच्या सगळ्या चकत्या कडू होतात. वारंवार तापवलेल्या तेलात ध्रुवीय संयुगे, म्हणजे तेल बिघडताना तयार होणारे घटक, वाढतात. खाद्यव्यवसायांसाठी भारतात १ जुलै २०१८ पासून त्यांची मर्यादा २५ टक्के आहे. घरी मोजमाप शक्य नसते. तेल काळे, घट्ट किंवा फेसाळ झाले की टाकून द्यावे. एकदाच वापरलेले बिनपिठाच्या चकत्यांचे तेल मात्र गाळून ठेवावे आणि दोन-चार दिवसांत आमटीच्या किंवा पिठल्याच्या फोडणीला संपवावे. कांद्याचा वास त्यात पुरता उतरलेला असतो.