टीडीएस मीटरला गढूळ पाणी दिसत नाही

नागपुरात दारावर प्युरिफायर विकायला येणाऱ्यांचा एक ठरलेला खेळ असतो. दोन ग्लास, एकात नळाचं पाणी, एकात आरओ प्युरिफायरचं, दोन्हीत सळ्यांचं यंत्र बुडवून बटण दाबायचं. थोड्याच वेळात नळाच्या पाण्यात तपकिरी-हिरवट गाळ फिरायला लागतो, आरओचं तसंच नितळ. "बघा काकू, हे पिता तुम्ही!"

तो गाळ पाण्यातला नसतोच हो, सळीतला असतो. सळी लोखंडाची, करंट गेला की लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचं हायड्रॉक्साइड होऊन तरंगतं. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून करंट जातो, आरओच्यात फार कमी म्हणून जवळपास जातच नाही. त्याच आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकून परत बटण दाबायला सांगा, तेही तपकिरी होतं.

इथे दोन गोष्टींची सरमिसळ होते. माती, गाळ हे पाण्यात न विरघळता नुसतं तरंगणारं, आणि क्षार हे पूर्ण विरघळलेले. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण पदार्थ. टीडीएस मीटर करंट किती वाहतो त्यावरून फक्त या विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, त्यामुळे पावसाळ्यात कन्हान नदीच्या गढूळ पाण्याचा आकडा बोअरच्या काचेसारख्या पाण्यापेक्षा कमी येऊ शकतो. जंतूंबद्दल तर तो काहीच सांगत नाही.

गाळ काढणं त्यामानाने सोपं, पण नुसतं ठेवून दिलं की बसेल असं नाही. २ मायक्रॉनचा (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मातीचा कण स्थिर पाण्यात एक फूट खाली यायला जवळपास अख्खा दिवस घेतो, आणि त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा असेल तर शंभरपट वेळ. वरून या कणांवर ऋण भार असतो, ते एकमेकांना ढकलतात, एकत्र येतच नाहीत. तुरटी फिरवली की तिच्यातलं ॲल्युमिनियम तो भार मारतं, चिकट गोळे होतात आणि भराभर खाली बसतात. खेड्यात मडक्यात निवळीची बी उगाळायचे तेही यासाठीच. जलशुद्धीकरण केंद्रातही मूळ काम हेच, मग वाळूचा फिल्टर, मग क्लोरीन.

विरघळलेल्याचं मात्र वेगळं आहे. फडकं, कँडल, वाळू, कशालाच मीठ अडकत नाही. मग एक तर पाणीच क्षारातून बाहेर काढायचं. हे आपल्या कूलरमध्ये रोज होतं, पाणी उडून जातं आणि बाजूच्या गवती ताट्यांवर पांढरा थर राहतो. समजा टाकीत ५० लिटर पाणी आहे, टीडीएस ४०० मिलिग्रॅम प्रति लिटर. दिवसभरात ५० लिटर उडालं आणि तेवढंच परत भरलं, तर पाणी तेवढंच पण क्षार दुप्पट, मीटर ८००च्या आसपास दाखवेल. म्हणून टाकी नुसती भरत राहू नये, अधूनमधून पूर्ण रिकामी करावी.

किंवा दुसरी युक्ती, विरघळलेल्यालाच न विरघळणारं करायचं. पाणी उकळल्यावर भांड्याला जो पांढरा थर बसतो तो असाच, बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं आणि ते पाण्यात टिकत नाही. याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण आपल्या नागपूरचंच आहे. जास्त फ्लोराइडच्या पाण्याने दात आणि हाडं बिघडतात, त्यावर नागपूरच्या नीरीने, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, ७०च्या दशकात नलगोंडा पद्धत काढली. चुना आणि तुरटी टाकून ढवळायचं, तयार होणाऱ्या गोळ्यांना फ्लोराइड चिकटतं, गोळे खाली बसले की वरचं पाणी घ्यायचं. जंतूंसाठी सोबत ब्लीचिंग पावडर. वीज नाही, आरओसारखा पडदा नाही, बादलीतसुद्धा जमतं. फक्त तुरटीचं प्रमाण पाणी तपासून ठरवावं लागतं आणि खालचा गाळ नीट टाकावा लागतो.

आरओ पहिल्या प्रकारातलं, म्हणजे पाणीच क्षारातून बाहेर काढणारं: पंपाने दाब देऊन पाणी पडद्यातून पलीकडे ढकलायचं, क्षार अलीकडेच. पण ते क्षार नाहीसे होत नाहीत, उरलेल्या पाण्यात दाट होऊन नालीत जातात, आणि बऱ्याच घरगुती मशीनमध्ये हे वाया जाणारं पाणी पिण्याच्या पाण्यापेक्षा जास्त असतं. भारतीय मानकात टीडीएस ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत चांगला, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतो. तेव्हा नळाचं पाणी ५००च्या आत असेल तर साधा फिल्टर आणि यूव्ही (जंतू मारणारा अतिनील प्रकाश) पुरे, खारं बोअर असेल तर आरओ घ्या. आणि ते रिजेक्ट पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरा, पण कूलरमध्ये ओतू नका, ताट्या सीझन संपायच्या आत दगड होतात.